माझ्यामुळे अडलेली सही

मी ट्रम्पेट. कट्टा गावाच्या बाजारात मला बाजा म्हणतात, मुलं पिपाणी म्हणतात, आणि कणकवलीतल्या एका भाडेकरारात माझा उल्लेख ‘सदर वाद्य’ असा आहे. इतक्या मानानं मला आजवर कोणी हाक मारली नव्हती. त्या करारावर एका बापाची सही आहे. ती सही अडली माझ्यामुळे आणि झालीही माझ्यामुळेच. म्हणून ही हकिगत मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका अरुंद गल्लीत दिवसभर पितळ ठोकल्याचा आवाज चालू असतो. पत्र्याची नळी झाली, नळीला वाक दिले, पुढचं तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं उमलवलं, मध्ये तीन खटके बसवले. मग कारागिरानं मला ओठांना लावून एकदाच फुंकलं. मी असा ओरडलो की शेजारच्या दुकानदाराच्या हातातला चहा हिंदकळला. कारागीर म्हणाला, “ठीक है.” झालं माझं बारसं.

तिथून मी म्हापशाच्या एका दुकानात आलो. काचेच्या कपाटात गिटारींच्या शेजारी लटकत राहिलो. गिटारींना येणारा-जाणारा प्रत्येक जण छेडून बघायचा. मला फुंकायची कोणाला परवानगी नव्हती. मग एके दिवशी रोझारियो आला.

रोझारियो लुद्रिक कट्ट्याजवळच्या एका वाडीतला. पावसाळ्यात भात, नंतर थोडी मिरची, घराभोवती माड, आणि लग्नसराईत बँड. त्यानं दुकानदाराला विचारलं, “वाजवन बघू?” दुकानदारानं नाइलाजानं कपाट उघडलं. रोझारियोनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि एक लांब सूर काढला. रस्त्यावरची माणसं थांबली. “ह्यो माझो,” तो म्हणाला. किंमत त्यानं नंतर विचारली.

त्याच्याकडे माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, मिरवणुकीत पुढे मी. लग्नाआधी नवऱ्या मुलीला नारळाचा रस चोळतात, त्या रोसाला मी. हिंदूंच्या वरातीत मी आणि गणपती पोचवायलाही मीच. देव बदलायचे, सूर बदलायचे, ओठ मात्र तेच असायचे. वरातीतली एक गंमत मी फार वेळा पाहिली आहे. नाचायला माणसं आधी लाजतात, दोघा-तिघांनी ओढून आणावं लागतं. आणि वरात मांडवाच्या दारात आली, भटजी घड्याळ दाखवू लागले, की तीच माणसं जागची हलत नाहीत. रोझारियो त्यांच्याकडे बघायचा आणि आणखी एक कडवं वाढवायचा. त्याचा श्वास मोठा होता आणि मनही.

घरी त्याची बायको तेरेझा मला आमसुलानं घासायची. “ह्या घरात माझ्यापेक्षा ह्येचो मान मोठो,” असं म्हणत घासायची, पण मी आरशासारखा लखलखेपर्यंत सोडायची नाही.

मग एक म्हैस आडवी आली. रोझारियो वाकून तिच्यापुढे चारा टाकत होता. तिनं माशी उडवायला मान झटकली आणि शिंग त्याच्या तोंडावर बसलं. पुढचे दात गेले. म्हशीला मी दोष देत नाही. माशी बसली की मान झटकायचीच. रोझारियोला कवळी बसली. कवळीनं कोंबडीचा रस्सा खाता येतो, फोटोत हसता येतं, मला मात्र वाजवता येत नाही. माझ्यासाठी ओठांना मागून पक्क्या दातांचा आधार लागतो. त्यानं पुन्हा पुन्हा फुंकून बघितलं. नुसती हवा आली. मग त्यानं मला पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर ठेवून दिली. त्या दिवशी तो कोणाशी बोलला नाही. मीही नाही.

कपाटावर मी बरेच पावसाळे काढले. माझ्या पेटीच्या मखमलीत एका पालीनं अंडी घातली. वरून मला घरातल्या माणसांचे फक्त भांग दिसायचे. त्यातला सगळ्यात खालचा भांग दर वर्षी थोडा थोडा वर येत होता. तो वेनेसाचा, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा. एके दुपारी ती स्टुलावर चढली, पेटी खाली काढली, पालीची टरफलं फुंकून उडवली आणि मला ओठांना लावलं. बकरी शिंकावी तसा आवाज आला. मागे दारात रोझारियो उभा होता. मला वाटलं, आता हिला ओरडा बसणार.

“ओठ अशे फुगवू नको,” तो म्हणाला. “हसल्यासारखां कर, पण हसू नको.”

वेनेसानं तसं केलं आणि तिला हसूच आलं. तिथून तिचं शिक्षण सुरू झालं. रोज संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात बापलेक समोरासमोर बसायची. तो वाजवू शकत नव्हता, म्हणून तोंडानं सूर म्हणून दाखवायचा आणि ती ते माझ्यातून काढायची. वाडीतले कुत्रे आधी रडले, मग त्यांनाही सवय झाली. वेनेसा मोठी झाली, गोव्यात राहून रीतसर संगीत शिकून आली, आणि कणकवलीच्या एका शाळेत संगीत शिक्षिका म्हणून लागली.

नोकरी लागली तेव्हा तेरेझानं साऱ्या वाडीत केक वाटला. खरी कसरत पुढे सुरू झाली. शाळेला बँड उभा करायचा होता आणि त्याची तालीम शाळा सुटल्यावर असायची. तालीम संपवून धावत डेपोत यावं तर कट्ट्याकडची गाडी निघून गेलेली. कधी माणगावकडच्या गाडीनं अर्ध्यात उतर, कधी कोणाच्या स्कूटरवर बस. पहाटे पुन्हा तेच. मी तिच्या मांडीवर पेटीत असायचो. पेटीवर डोकं टेकून ती झोपायची आणि तिच्या कपाळावर पेटीच्या कडीचा ठसा उमटायचा.

“कणकवलीत खोली बघतंय,” तिनं एका जेवणाला सांगितलं.

“घर असताना खोली?” रोझारियो म्हणाला. पण त्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि पुढे वाद घातला नाही.

घरं बघायला मीही जायचो, कारण वेनेसा शाळेतून परस्पर जायची. घरमालकांचे प्रश्न ठरलेले. लग्न झालंय का? घरात मासे करणार का? नोकरी कायम आहे का? ह्या सगळ्यांतून ती पार पडायची. मग त्यांची नजर माझ्या पेटीवर जायची. “ह्यात काय आहे?” वेनेसा खरं सांगायची. कोणाच्या पुतण्याला अचानक ती खोली लागायची, तर कोणाला अचानक भिंतींना रंग द्यायची आठवण व्हायची.

शेवटी हरिश्चंद्र काका भेटले. त्यांचं एक घर खाली आणि एक त्याच्यावरच. खाली ते आणि त्यांच्या पत्नी रुक्मिणी राहत, वरचं भाड्यानं द्यायचं होतं. दोन खिडक्या, स्वयंपाकाचा ओटा, गॅलरीत कपडे वाळत घालायला दोरी. वेनेसाचा चेहरा असा उजळला की मला पेटीतही ते कळलं. ती खिडकीजवळ गेली आणि नुसती उभी राहिली.

हरिश्चंद्र काकांची सगळी नोकरी एसटीच्या डेपोत झालेली. नियंत्रकाच्या खिडकीत बसून ते माइकवर गाड्या पुकारायचे. निवृत्त होऊनही ती सवय गेली नव्हती. महत्त्वाचं वाक्य ते दोनदा म्हणायचे. “भाडं महिन्याच्या सुरुवातीला. महिन्याच्या सुरुवातीला.” तर अशा माणसाला उतारवयात हवी होती ती शांतता. जन्मभर त्यांनी गाड्यांचे हॉर्न ऐकले होते.

“आणि मुलगी एकटी राहणार, तेव्हा वडिलांची जामीनदार म्हणून सही लागेल,” ते म्हणाले.

“पण पगार माझा आहे, काका. भाडं मीच देणार.”

“पगार तुझा. जबाबदारी त्यांची. जबाबदारी त्यांची.”

सहीच्या दिवशी रोझारियो रविवारचा पांढरा शर्ट घालून आला. करार करून देणारा मितेश लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन बसला होता. वाचायला त्यानं कराराचा छापील कागद दिला. मितेशला घाई होती. रोझारियोला नव्हती. त्यानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. नळ, काचा, रंग, विजेचं बिल, सगळ्याला तो मान डोलवत होता. मग त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

“भाडेकरू सदर सदनिकेत कोणतेही वाद्य वाजवणार नाही. तसे झाल्यास जामीनदार जबाबदार राहील.”

“ह्यां कोणी घातलां?” त्यानं विचारलं.

“मी,” हरिश्चंद्र काका म्हणाले. “घरात वाद्य नको. वाद्य नको.”

“पपा, मी शाळेतच वाजवीन,” वेनेसा घाईनं म्हणाली. “तू सही कर.”

रोझारियोनं पेन खाली ठेवलं. “साहेब, नळ मोडलो, काच फुटली, भाडां थकलां, सगळ्यार सही करतंय. ह्येच्यार नाय.”

“का नाही?”

“कारण ह्यां चेडू वाजवतलां.” त्यानं मुलीकडे बोट दाखवलं.

“पपा!”

“वाजवतलंस तू. शाळेत दिवसभर पोरांचां आयकान दमान येतलंस, आणि मगे जरा स्वतःसाठी म्हणान पेटी उघडतलंस. माका म्हायत आसा मां. मी जामीन रवतंय म्हणजे मी सांगतंय की असां व्हवचां नाय. जां व्हतलां तां म्हायत असान, मी खोटो जामीन कसो रवू?”

मितेश समजुतीच्या सुरात म्हणाला, “काका, ही नुसती पद्धत असते. हे कोणी वाचत नाही.”

“मी वाचलंय मां,” रोझारियो म्हणाला.

हरिश्चंद्र काका उठले. त्यांच्याही आवाजात राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं होतं. “मग जमणार नाही,” ते म्हणाले, आणि ह्या वेळी एकदाच म्हणाले.

डेपोपर्यंत वेनेसा बापाच्या पुढे पुढे चालत होती. मी तिच्या हातात होतो आणि मुठीची पकड मला कळत होती. कट्ट्याची गाडी लागायची होती. बाकाजवळ ती वळली.

“कितकी घरां फिरलंय मी! ह्यां एक मिळालेलां. तां पण तू घालवलंस.”

“बाय, खोटी सही...”

“खोटी नि खरी काय नाय. मी घर सोडून जावक नको तुका. म्हणान तू सही केलंस नाय.”

 समोर गाड्यांच्या वेळांची पाटी होती, तीच रोझारियो बघत राहिला. गाडी आली तेव्हा दोघं वेगवेगळ्या बाकांवर बसली.

घरी तेरेझा बांगडे तळत होती. वेनेसा सरळ आत गेली. रोझारियोनं सगळं सांगितलं. तेरेझानं बांगडा उलटला आणि विचारलं, “त्या माणसाक भिया कसला?”

“आवाजाचो.”

“तेना आवाज आयकलो?”

“नाय.”

“न आयकताच तो भियेता, आणि न आयकवताच तू परत इलंस. दोघय शाने!”

रोझारियोचं जेवणात लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी वेनेसा मला न घेताच शाळेत गेली. रागावली की ती मला घरी ठेवते, हे मला तिच्या लहानपणापासून ठाऊक आहे. ती गेल्यावर रोझारियोनं पुन्हा तो पांढरा शर्ट चढवला, माझी पेटी उचलली आणि गाडी पकडली. वाटेत त्यानं पेटी मांडीवर घट्ट धरली होती. इतक्या वर्षांनी आम्ही दोघंच कुठेतरी निघालो होतो. मला वाटलं, लग्नच आहे कुठे.

हरिश्चंद्र काकांनीच दार उघडलं. “काल सही केली नाहीत, आज पेटी घेऊन आलात?”

“वरच्या घराची चावी जरा द्या, साहेब. मी वर वाजवतंय, तुमी खाली बसान आयका. तुमी आवाज न आयकताच बंद केल्यात. आदी आयका, मगे बंद करा. मी परत येवचंय नाय.”

काकांनी क्षणभर विचार केला. “ह्यात गैर काही नाही,” ते म्हणाले. “गैर काही नाही.”

वरचं घर रिकामं होतं. पावलांचाही आवाज घुमत होता. रोझारियोनं मला बाहेर काढलं, खटके दाबून बघितले, आणि ओठांना लावलं. ते ओठ मी ओळखले. पण ओठांमागे पूर्वीचा आधार नव्हता. पहिल्या फुंकरीला नुसता वारा आला. दुसरीला बेडकाचा आवाज. तिसरीला कवळी हलली आणि सूर मध्येच तुटला. त्यानं इकडे तिकडे बघितलं, कवळी काढून रुमालात गुंडाळली, आणि पुन्हा फुंकलं. त्यावर जे काही निघालं त्याला काय म्हणावं मला माहीत नाही. मेरठच्या त्या कारागिरानं ते ऐकलं असतं तर त्यानं मला वितळवलं असतं.

पण रोझारियो थांबला नाही. एक लांब सूर, तो फाटेपर्यंत. मग तोच पुन्हा. मग फेस्ताच्या चालीची एक ओळ, चुकीची. पुन्हा तीच, पुन्हा चुकीची. त्याचे कान लाल झाले, शर्ट पाठीला चिकटला. एके काळी ज्याच्या सुरासाठी अख्खी वरात मांडवाच्या दारातून हलायची नाही, तो माणूस परक्या घरात एकटा उभा राहून जाणूनबुजून आपली फजिती ऐकवत होता. मला फार वाटलं की आपण होऊन एक तरी सूर सरळ काढावा. पण ते माझ्या हातात नसतं. मी फुंकणाऱ्याचा असतो.

जिन्यावर पावलं वाजली. दारात हरिश्चंद्र काका, त्यांच्या मागे रुक्मिणी, तोंडावर पदर धरून.

“तुमची मुलगी हे असं वाजवते?” काकांनी विचारलं.

रोझारियो भिंतीकडे वळला. कवळी बसवली, तोंड पुसलं, आणि मग समोर झाला.

“नाय. ती खूप बरी वाजवता. पण तिचां बरां गाणां आयकवन तुमका फसवूचां नव्हतां. रोजची प्रॅक्टिस म्हणजे गाणां नसता, साहेब. तांच तां, चुकीचां, परत परत. म्हणान मी माझां आयकयलां. ह्येच्यापेक्षा वायट ह्या घरात कधीच वाजूचां नाय. ह्येच्यार म्हणशात थंय सही करतंय.”

 मग रुक्मिणीचा पदर सुटला आणि तिला हसू आवरेना. “अगो बाये! माका वाटलां, कोणी रेडकू जिन्यार चढयल्यानी!”

त्यावर हरिश्चंद्र काका हसले. हसता हसता त्यांची ऑफिसातली भाषा गळून पडली. “मी दार लावन आयकलंय. मगे पंखो लावलंय, तरी येय होतो. मगे हिची मालिका लावलंय टीव्हीर. काय येवक नाय!”

“म्हणजे मालिकेच्या वेळेक चलात,” रोझारियो म्हणाला.

“आणि माझी मालिका?” रुक्मिणीनं विचारलं. “माका आयकाक नको?”

“तुझ्या टीव्हीचो आवाज काय दबूचो नाय,” काका म्हणाले. “सगळी वाडी तुझ्याच टीव्हीर आयकता!”

खाली चहा झाला. रुक्मिणीनं मला हातात घेऊन निरखलं. पुढच्या तोंडाला पडलेला पोचा कसा पडला, हे तिनं विचारलं, आणि रोझारियोनं गणपतीच्या एका विसर्जनाची लांबलचक गोष्ट सांगितली. निघताना काकांनी त्याला ‘रोझारियोभाऊ’ म्हटलं.

घरी त्यानं वेनेसाला एवढंच सांगितलं, “शनिवारी चल. तो सही घेवक तयार आसा.”

कसा काय तयार झाला, हे तिला कळलं ते शनिवारी, रुक्मिणीकडून. मितेश यंत्र जोडत होता तोवर रुक्मिणीनं सगळा प्रसंग हावभावांसकट करून दाखवला. रेडकू, रुमाल, भिंतीकडे वळणं, काही सोडलं नाही. वेनेसा आधी हसली. मग हसता हसता थांबली आणि बापाकडे बघू लागली. रोझारियो त्या वेळी लॅपटॉपकडे असा बघत होता, जणू त्यालाच तो दुरुस्त करायचा आहे.

मितेशनं जुनी ओळ काढून नवीन टाइप केली आणि मोठ्यानं वाचली. “सदर वाद्य सायंकाळी सहा ते सात या वेळेत वाजवले जाईल.” हरिश्चंद्र काकांनी मान डोलावली. वेनेसानं सही केली, अंगठा दिला. रोझारियोनं चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. ह्या वेळी मितेशही गुपचूप बसून राहिला. शेवटच्या पानावर ‘जामीनदार’ ह्या शब्दाखाली रोझारियोनं सही केली, लग्नाच्या रजिस्टरवर करतात तशी, सावकाश, पूर्ण नावाची.

“ह्येची मुदत कितकी?” त्यानं पेन परत देताना विचारलं.

“अकरा महिने, काका.”

“अकराच म्हयने?” तो गोंधळला. “माका वाटलां, जल्मभर.”

त्यावर सगळे हसले. वेनेसा हसली नाही. तिनं बापाचा हात धरला आणि सोडला.

डेपोकडे जाताना ह्या वेळी दोघं बरोबरीनं चालत होती. रोझारियोच म्हणाला, “बाय, तू त्या दिवशी बोललंस तां खोटां नव्हतां. तू जावक नको, असां माका वाटत होतां. आताय वाटता. पण त्येच्यासाठी मी सही अडवलंय नाय.”

“म्हायत आसा पपा,” ती म्हणाली. “आता म्हायत आसा.” आणि माझी पेटी तिनं त्याच्या हातात दिली, गाडी येईपर्यंत.

आता मी कणकवलीत राहतो. खिडकीजवळच्या एका खिळ्याला माझी जागा आहे. कपाटावरच्यापेक्षा इथली हवा बरी आणि इथून भांग नाही, चेहरे दिसतात. संध्याकाळी सहाला वेनेसा मला काढते. मितेशनं ‘वाजवले जाईल’ असं लिहिल्यामुळे हरिश्चंद्र काकांनी ते वेळापत्रकच मानलं आहे. शाळेतून यायला तिला उशीर झाला, तर ते खालून जिन्यात येऊन पुकारतात, “सहाची गाडी अजून लागली नाही. लागली नाही.” रुक्मिणीची मालिका चालू असते. ती म्हणते, दुःखाच्या प्रसंगात वरून माझा सूर आला की रडायला आणखी मजा येते.

परवा रोझारियो पहिल्यांदाच इथे राहायला आला. पिशवीत सोललेले नारळ होते आणि तेरेझानं घातलेलं सुंगटांचं, म्हणजे कोळंबीचं, लोणचं. दार नुसतं लोटलेलं होतं. तरी त्यानं पिशवी खाली ठेवली, बेल वाजवली आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. स्वतःच्या घरी तो खळ्यातूनच हाका मारत येतो. वेनेसा धावत दारात गेली.

“पपा! बेल कित्याक? दार उघडांच होतां.”

त्यानं पायपुसण्यावर पाय घासले. “येव मां आत?”

“तुझी सही आसा ह्या घरार, आणि तू इचारतंस?”

“सही माझी,” चपला काढत तो म्हणाला. “घर तुझां.”

मग तो खुर्चीवर बसला आणि चर्चमध्ये बघावं तसं सगळीकडे हळू हळू बघू लागला. ओटा, दोरीवरचे कपडे, खिळ्याला मी. वेनेसानं चहा आणला. त्यात साखर फार झाली होती, त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. तरी त्यानं कप रिकामा केला. पाहुणा चहाला नावं ठेवत नाही.

तुम्हा वाचणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या वर किंवा शेजारी कोणी काही शिकत असेल, तेच ते चुकीचं पुन्हा पुन्हा वाजवत असेल, तर दार ठोठावण्याआधी थोडं ऐकून घ्या. अगदीच सोसवलं नाही तर खुशाल टीव्ही लावा. आणि तुमचं मोठं झालेलं मूल एखाद्या कागदावर सही मागायला आलं, तर सगळं वाचा. पटत नसेल तिथे पेन खाली ठेवा. पण पेन ठेवून घरी जाऊन बसू नका. काय केलं म्हणजे पटेल, ते बघा.

आता पुरे. जिन्यावर वेनेसाच्या चपला वाजल्या. आज तिनं एक नवी चाल आणली आहे. तिच्यात एक फार वरचा सूर आहे, तो आम्हा दोघांना अजून लागलेला नाही. तुम्ही ह्या वेळी कणकवलीत असाल, तर जरा कान द्या. लागला तर आनंद आहे. नाही लागला, तर उद्या.